बोअरचं जड पाणी आणि तुमचा पहिला सर्व्हिस व्यवसाय : आधी मोजा, मग विका



मागच्या व्हिडिओत मी एका गीझरमधून काढलेला पांढरा थर टेबलावर ठेवला होता. चांगली मूठभर खपली होती. तो व्हिडिओ बघून बऱ्याच जणांनी विचारलं, "सर, यात धंदा आहे का?"

आहे. शहराच्या कडेला जिथे सोसायट्या बोअर आणि टँकरवर चालतात, तिथे प्रत्येक घरात हा थर साचतोय. पण या धंद्यात उतरण्याआधी आमच्याच एका बॅचमधल्या मुलाची गोष्ट ऐका. नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगायची परवानगी त्याने दिली आहे.

त्याने आईच्या पाटल्या गहाण ठेवून ८०,००० रुपये उभे केले आणि पाइपवर बसवायची चुंबकवाली २० यंत्रं घेतली. एक नग ४,००० ला. "बसवा आणि विसरा, क्षार गायब," असं त्याला सांगितलं होतं, तेच तो पुढे सांगायचा. ६,५०० च्या भावाने ९ नग विकले. दीड महिन्याने एका काकूंचा फोन आला, "अरे बाळा, नळावर पांढरं यायचं काही थांबलं नाही." हा टीडीएस मीटर घेऊन गेला. यंत्राच्या आधीचं पाणी मोजलं, ९००. नंतरचं मोजलं, ९००. काकूंनी आकडा वाचला आणि विचारलं, "मग तू मला विकलंस काय?"

याच्याकडे उत्तर नव्हतं. खरं तर त्याच्या दोन चुका झाल्या होत्या. आपण काय विकतोय हे त्याला माहीत नव्हतं, आणि आपण काय मोजतोय हेही माहीत नव्हतं. आजचा धडा या दोन चुकांवर आहे. वही घ्या.

१. जड पाणी म्हणजे नक्की काय?

शाळेच्या पुस्तकात याला दुष्फेन पाणी म्हणायचे, म्हणजे ज्यात साबणाला फेस येत नाही ते. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त विरघळले की पाणी कठीण होतं. आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. पावसाचं पाणी या खडकाच्या भेगांतून मुरत जातं तेव्हा खडकातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम सोबत घेतं. म्हणून बोअरचं पाणी बहुतेक वेळा जड, आणि धरणाचं पाणी तुलनेने मऊ.

क्षारांचे दोन प्रकार लक्षात ठेवा.

पहिला प्रकार बायकार्बोनेटचा. पाणी तापलं की हा मोडतो, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूचा सख्खा भाऊ, तळाशी आणि कॉइलवर बसतो. याला तात्पुरता कठीणपणा म्हणतात. गीझर मारतो तो हाच.

दुसरा प्रकार सल्फेट आणि क्लोराइडचा. हा उकळून जात नाही, म्हणून त्याला कायमचा कठीणपणा म्हणतात. साबणाशी भांडण मात्र दोन्ही करतात.

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक, आयएस १०५०० (२०१२ची आवृत्ती), एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा असं सांगतं. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेता येतं. पण नीट समजून घ्या, ही मर्यादा पिण्याच्या पाण्याची आहे. ३५० चं पाणी माणूस पितो आणि त्याला काही होत नाही. गीझरला मात्र होतं.

२. टीडीएस म्हणजे कठीणपणा नव्हे

हे वाक्य वहीत मोठ्या अक्षरात लिहा, कारण अर्धा बाजार याच गोंधळावर चालतो.

टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती सहज जाते ते बघतो आणि त्यावरून एकूण विरघळलेल्या पदार्थांचा अंदाज देतो. त्यात साधं मीठही आलं. ९०० टीडीएसचं पाणी मिठामुळे ९०० असेल तर कॉइलवर फारसा थर बसणार नाही. तेच कॅल्शियममुळे असेल तर कॉइल दगडासारखी होईल. मीटर हा फरक सांगत नाही.

त्याहून महत्त्वाचं, चांगला सॉफ्टनर बसवला तरी टीडीएस जवळजवळ तेवढाच राहतो. सॉफ्टनर कॅल्शियम काढून घेतो आणि बदल्यात सोडियम देतो. म्हणजे टीडीएस मीटर दाखवून सॉफ्टनर विकलात, तर उद्या कस्टमर तोच मीटर लावून तुम्हाला खोटं पाडेल, तुम्ही खरे असूनसुद्धा!

कठीणपणा मोजायचं किट वेगळं असतं, थेंबांचं. ठरलेल्या मापाचं पाणी घ्यायचं, त्यात बफर आणि रंगद्रव्य टाकायचं. पाणी वाइनसारखं लालसर होतं. मग ईडीटीएचा एकेक थेंब टाकून हलवायचं आणि थेंब मोजायचे. लालचं निळं झालं की थांबायचं. एका थेंबाला किती मिलिग्रॅम धरायचे ते किटवर लिहिलेलं असतं. प्रयोगशाळेत हीच चाचणी जास्त बारकाईने करतात. पहिल्यांदा किट घेतलंत की एकच नमुना प्रयोगशाळेतही द्या आणि दोन्ही आकडे ताडून बघा. आपला हात किती बरोबर चालतोय ते कळतं.

एक छोटी युक्ती सांगतो. तेच पाणी १५ मिनिटं उकळा, थंड करा, उडालेल्या वाफेइतकं स्वच्छ डिस्टिल्ड पाणी घालून माप पहिल्याइतकं करा, गाळा आणि परत मोजा. जेवढा आकडा उतरला तेवढा साधारण तात्पुरता कठीणपणा, म्हणजे गीझरमध्ये बसू शकणारा माल.

आणि हो, एकदा मोजून भागत नाही. पावसाळ्यात धरणाचं पाणी, मार्चनंतर बोअर, मेमध्ये टँकर. एकाच नळाला वर्षभरात तीन वेगळे आकडे निघू शकतात. डायरीत तारीख आणि पाण्याचा स्रोत लिहिलाच पाहिजे.

३. घरातल्या वस्तूंचं काय होतं?

स्टोरेज गीझर. थर उष्णता नीट जाऊ देत नाही. कॉइलची उष्णता पाण्यात लवकर जात नाही, कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि एक दिवस जाते. आता एक प्रामाणिक गोष्ट. "क्षारामुळे तुमचं वीजबिल दुप्पट होतंय" असं सांगून विकू नका. इलेक्ट्रिक गीझरची कॉइल पाण्यातच बुडालेली असते, त्यामुळे तिची उष्णता उशिरा का होईना, पाण्यातच जाते. खरं नुकसान कॉइल जळण्याचं, पाणी तापायला वेळ लागण्याचं आणि टाकीत गाळ साठण्याचं आहे. गॅस गीझरमध्ये मात्र इंधन खरंच वाया जातं, कारण पाण्यात न गेलेली उष्णता धुराबरोबर बाहेर पडते.

गीझरमधला सगळ्यात गंभीर भाग म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. तो क्षाराने जाम झाला आणि थर्मोस्टॅटही बिघडला, तर टाकीतला दाब बाहेर पडायला वाट राहत नाही. टाकी फुटू शकते. म्हणून व्हॉल्व्ह तपासल्याशिवाय गीझरची सर्व्हिस पूर्ण झाली असं समजू नका.

सोलर वॉटर हीटर. टेरेसवर असतो, म्हणून कोणी बघत नाही. जुन्या फ्लॅट प्लेटमध्ये तांब्याच्या बारीक नळ्या बुजतात, ट्यूबवाल्यात काचेच्या नळ्यांत थर साठतो. "आमचा सोलर हल्ली तापतच नाही" ही तक्रार ऐकलीत की आधी पाणी मोजा.

वॉशिंग मशीन. कॅल्शियम साबणाशी जुळून चिकट साका तयार करतं. त्यामुळे पावडर जास्त लागते, कपडे कडक आणि मळकट दिसतात. गरम पाण्याच्या मशीनमध्ये आतल्या हीटरवर थर बसतो. पाणी आत घेणाऱ्या पाइपची बारीक जाळीही चोंदते. ही जाळी साफ करायला दहा मिनिटं लागतात, आणि कित्येकदा "मशीन पाणीच घेत नाही" ही तक्रार तिथेच मिटते.

आरओ, कूलर, वाफेची इस्त्री, शॉवर. आरओच्या मेंब्रेनवर क्षार बसला की पाण्याची धार बारीक होते. कूलरमध्ये पाणी उडतं आणि क्षार मागे राहतो, म्हणून टाकीत नुसती भर न घालता जुनं पाणी काढून टाकावं लागतं. इस्त्रीची आणि शॉवरची भोकं बुजतात.

आणि स्वयंपाकघर. "आमच्याकडे तूरडाळ शिजतच नाही हो," हे वाक्य ऐकलंय ना? डाळीच्या सालीतल्या आणि पेशींमधल्या पेक्टिनला कॅल्शियम घट्ट धरतं, म्हणून डाळ मऊ व्हायला वेळ लागतो. डाळ जुनी असली तरी तसंच होतं, त्यामुळे हा पुरावा नव्हे. पण बोलणं सुरू करायला याहून चांगला प्रश्न नाही. दारात उभं राहून "सॉफ्टनर घेणार का?" विचारलंत तर दार बंद होईल. "काकू, डाळीला किती शिट्ट्या लागतात?" विचारलंत तर काकू तुम्हाला आत बोलावतील.

४. कस्टमरसमोर करायचा हिशेब

समजा एका घरात गीझरमधून रोज ६० लिटर पाणी जातं आणि कठीणपणा ५०० मिलिग्रॅम आहे.

६० × ५०० = ३०,००० मिलिग्रॅम, म्हणजे रोज ३० ग्रॅम.
३० × ३६५ = साधारण ११ किलो वर्षाला.

हा सगळा क्षार गीझरमध्ये बसत नाही, बराचसा बादलीत निघून जातो. विसावा भाग जरी बसला, तरी वर्षाला अर्धा किलोच्या वर थर होतो. "विसावा भाग" हा मी धरलेला आकडा आहे, हे कस्टमरलाही सांगा. खरा आकडा झाकण उघडल्यावर वजनकाट्यावर दिसेलच. निघालेला थर वजन करून कस्टमरला दाखवणं ही तुमची सर्वात चांगली जाहिरात.

हाच थर विरघळवायला लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, वजनाने किमान सव्वा ते दीडपट लागतं. म्हणून सुटे झालेले मोठे तुकडे आधी हाताने काढायचे आणि उरलेल्यावरच लिंबूसत्त्व वापरायचं. माल वाचतो, वेळही वाचतो.

५. काम करताना पाळायचे नियम

१. वॉरंटी चालू असेल तर गीझर उघडू नका. कस्टमरला कंपनीत फोन लावायला सांगा. हे काम गेलं तरी चालेल.

२. विजेचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच बंद, टेस्टरने खात्री, मगच हात. तुमच्याकडे परवाना नसेल तर असा माणूस भागीदार म्हणून किंवा रोजावर घ्या.

३. गॅस गीझरला हात लावू नका. त्याची ज्योत बिघडली तर बंद बाथरूममध्ये कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो जीव घेतो.

४. संडास साफ करायचं जहाल अ‍ॅसिड गीझरमध्ये कधीच नाही. कोणतंही अ‍ॅसिड ब्लीचिंगच्या जवळ नाही, कारण विषारी क्लोरीन वायू निघतो. हातमोजे आणि चष्मा घाला.

५. फरशी बघा. शहाबादी, कोटा, काळा कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत आणि संगमरवरही त्याच जातीचा. जे द्रावण थर खातं ते फरशीही खातं. ओट्यावर डाग पडला तर तुमची महिन्याची कमाई गेली. आधी प्लास्टिक अंथरा, मग बादली ठेवा.

६. झाकण उघडलं की गॅसकेट नवीन टाका. टाकीत मॅग्नेशियमचा रॉड असतो, तो टाकीला गंजण्यापासून वाचवण्यासाठी स्वतः झिजतो. फार झिजला असेल तर फोटो काढून दाखवा आणि बदला.

७. टाकी पूर्ण भरून नळातून पाणी सलग यायला लागल्यावरच स्विच चालू. कोरड्या गीझरची कॉइल बघता बघता जळते, आणि तो खर्च तुमच्या खिशातून जातो.

जाताना थर्मोस्टॅट ५० ते ५५ अंशांच्या आसपास लावायला सांगा. पाणी जितकं जास्त तापेल तितका थर जास्त बसतो. हा सल्ला फुकट द्या. फुकटच्या खऱ्या सल्ल्याने पुढच्या वर्षीचा फोन पक्का होतो.

६. काय विकायचं, काय नाही

सॉफ्टनर खरंच काम करतो. आधी ५००, नंतर ५० पेक्षा कमी, हे थेंबांच्या किटवर दाखवता येतं. पण त्याच्या अटी आधीच सांगा. मीठ टाकून तो वेळोवेळी ताजा करावा लागतो. त्यातून निघणारं खारं पाणी झाडांना घालायचं नाही. आणि प्रत्येक १०० मिलिग्रॅम कठीणपणा काढताना लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम पाण्यात येतं. म्हणून पिण्याचा नळ शक्यतो वेगळा ठेवा, आणि घरात रक्तदाबाचा पेशंट असेल तर डॉक्टरांना विचारायला सांगा.

चुंबकवाल्या यंत्रांनी पाण्यातलं कॅल्शियम कमी होत नाही. किटवर आधी आणि नंतर आकडा तोच येतो. थराचा स्वभाव बदलतो असा दावा असतो, पण त्याचे निकाल सारखे येत नाहीत. ज्याचा परिणाम कस्टमरच्या डोळ्यांसमोर दाखवता येत नाही, ते पहिल्या वर्षी तरी विकू नका.

७. पैशाचं गणित

खालचे आकडे उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या गावचे भाव टाकून परत करा.

एका गीझर सर्व्हिसचा दर : ८०० रुपये
लिंबूसत्त्व, गॅसकेट, किटचा खर्च : १२०
पेट्रोल : ५०
मदतनीस : १८०
हातात उरले : ४५०

महिन्याचा ठरलेला खर्च, म्हणजे हप्ता, फोन, जाहिरात, अवजारांची झीज, विमा : १३,५००. भागिले ४५०, म्हणजे ३० कामं. पहिली ३० कामं नुसती खर्च भागवायला!

तुम्हाला घरी १८,००० न्यायचेत, तर आणखी ४० कामं. एकूण ७०. महिन्याचे २६ दिवस धरले तर रोज जवळजवळ तीन गीझर. एकाला दोन तास धरा, त्यात येणं-जाणं मिळवा. जमतं, पण दम लागतो. एक दिवस आजारी पडलात की गणित कोलमडतं.

म्हणून एकेक घर शोधत फिरू नका, सोसायटी धरा. एकाच बिल्डिंगमध्ये दिवसाला चार घरं झाली तर पेट्रोल एकदाच, वेळही वाचतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगा, "तुमच्या बोअरचं, टँकरचं आणि टाकीचं पाणी मी फुकट मोजून देतो, आकडे नोटीस बोर्डावर लावा." विकायचं नाव काढू नका. आकडा बोर्डावर लागला की बोलणं आपोआप सुरू होतं. आणि समजा आकडा १२० आला, तर "तुम्हाला माझी गरज नाही" असं स्पष्ट सांगून या. तेच सेक्रेटरी शेजारच्या सोसायटीत तुमचं नाव सांगतील.

कागदपत्रांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. आपल्या राज्यात सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, तरी एकदा सीएला विचारून घ्या.

आणि त्या मुलाचं काय झालं?

त्याने नऊच्या नऊ घरांचे पैसे परत केले. ५८,५०० रुपये, चार हप्त्यांत. मी त्याला म्हटलं होतं, एवढं करायची गरज नाही. तो म्हणाला, "सर, मला त्याच बिल्डिंगमध्ये परत जायचंय." गेला. या वेळी थेंबांचं किट घेऊन. त्या काकूंच्या ओट्यावर त्याने पाणी मोजलं आणि थेंब काकूंनाच मोजायला लावले. नऊपैकी पाच घरांनी त्याच्याकडून गीझर साफ करून घेतला. आज त्याच्याकडे वायरमन भागीदार आहे आणि तीन सोसायट्यांचं काम आहे. एक पाटली सुटली. दुसरी अजून बँकेत आहे. उरलेली यंत्रं घरात माळ्यावर पडून आहेत, ती त्याने कोणाच्या गळ्यात मारली नाहीत.

या आठवड्याचा गृहपाठ

१. थेंबांचं किट घ्या आणि तुमच्या परिसरातल्या दहा नळांचं पाणी मोजा. तारीख, स्रोत आणि आकडा वहीत लिहा.
२. त्यातल्या दोन नमुन्यांचा टीडीएसही मोजा आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी ठेवा. फरक स्वतःच्या डोळ्यांनी बघा.
३. स्वतःच्या घरचा शॉवर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात तासभर बुडवा. बुडबुडे येताना बघा, तो थरातून सुटणारा कार्बन डायऑक्साइड आहे.
४. वरचं पैशाचं गणित तुमच्या गावच्या भावाने करा. रोज किती कामं लागतील तो आकडा घरच्यांना दाखवा.

हे चारही झाल्याशिवाय एक रुपयाचंही यंत्र विकत घेऊ नका. पुढच्या व्हिडिओत सोसायटीच्या वार्षिक कराराचा मसुदा घेऊन येतो. तोपर्यंत मोजत राहा.